बाबांच्या बिनबोटी हातमोज्यांची हकिकत

प्रिय मोतेबांगमामा,

तुमच्या घरावर शांती असो आणि शेतावर पाऊस. (पाऊस तुमच्या खालच्या मुलखात, आमच्या डोंगरात सध्या नुसता बर्फ आहे आणि तो आम्हाला फुकटही नको.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? ती लाल गाय शेवटी व्याली, की अजून तुम्हाला खेळवतेच आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे तुमच्या भाचेसुनेचं, मालिनेओचं, मनगट मोडलं आहे, गिरणीचा पट्टा तुटला आहे आणि बाबांनी माझ्याशी धरलेला अबोला कालच सुटला आहे. हे सगळं हातमोज्यांपायी घडलं. हसू नका, मामा. तुमचा भाचा लेबुसा, ज्याने खाणीत जमिनीच्या पोटात अर्धं आयुष्य काढलं आणि आता गावाचा मका दळतो, तो गेले कित्येक दिवस क्रोशाची सुई धरून विणतो आहे.

आमच्या पोरीचं, लिनेओचं, लग्न ऐन थंडीत ठरल्याचं तुम्हाला कळवलं होतंच. नवऱ्या मुलाला खाणीतून रजा मिळते ती आत्ताच, तेव्हा सगळ्या वऱ्हाडाने काकडायचं. तर पोरीने आजोबांपुढे बसून सांगितलं की मला कर्णे नकोत, भाड्याचे वाजवणारे नकोत, तुम्हीच अकॉर्डियन वाजवायचा, नाहीतर मी उंबरा ओलांडणार नाही. तुमची बहीण गेल्यापासून बाबांनी अकॉर्डियनला हात लावलेला नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. (तो वाजवायचा कसा, याकडे मी शेवटी येणार आहे.) आम्हाला वाटलं, म्हातारा उठून बकऱ्यांकडे निघून जाणार. पण बाबा स्वतःची बोटं उघडत-मिटत म्हणाले, “गारठ्यात तळवा आखडतो, मग बोटं ऐकत नाहीत. तळवा झाकेल आणि बोटं मोकळी सोडेल असं काही मिळालं, तर बघू.” बाबांच्या तोंडून ‘बघू’ निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून शपथ निघण्यासारखं आहे. मालिनेओ दारात उभी होती. ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “त्यांना सांगा, होतील हातमोजे.” बाबा तिथेच बसले होते आणि त्यांना कमी ऐकू येतं असंही नाही. पण सासरा आणि सून थेट एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे आमच्या घरातलं निम्मं बोलणं माझ्या अंगावरून जातं आणि मी टेलिफोनच्या खांबासारखा मधे उभा असतो.

मालिनेओने शब्द दिला आणि दुसऱ्याच सकाळी ती झऱ्यापाशी बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, बादली मात्र तिने डाव्या हाताने सावरली. दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच तिने नर्सला विचारलं की सुई कधी धरता येईल. नर्स म्हणाली, लग्न उरकल्यावर. मामा, ही बाई कोण आहे ते तुम्ही जाणता. लग्नात हिला ‘मालिनेओ’, म्हणजे ‘लिनेओची आई’, हे नाव तुम्हीच दिलंत, लिनेओचा पत्ता नसताना. आणि हिने पहिली मुलगीच जन्माला घालून तुमचा शब्द राखला. मग स्वतःचा शब्द ती कसा मोडू देईल? गाढवावरून घरी येताना तिने वाटभर माझ्या हातांकडे बघितलं. मला तेव्हाच पळून जायला हवं होतं.

सरावासाठी तिने मला उरलीसुरली लोकर दिली. लिनेओचा शाळेतला तांबडा, पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर तिने उसवून ठेवला होता, पण त्याला हात लावायची माझी लायकी अजून झाली नव्हती. साखळी घालायला मी पटकन शिकलो. मग आला मुका खांब. (असं त्या टाक्याचं नाव आहे. खाणीत छताखाली मी इतके खांब उभे केले, एकानेही मला असा त्रास दिला नाही.) मालिनेओ शेजारी बसून डाव्या हाताने लाटणं घेऊन दाखवायची: इथून सुई घाला, दोरा ओढा, अहो मागचाच दोरा उचला, दोन्ही उचलले तर ताणणार कसं? हातमोजा म्हणजे नुसता चौकोनी तुकडा, ती सांगायची. लांबीएवढी साखळी घालायची, पुढे-मागे विणत जायचं, तळव्याभोवती बसेल एवढा झाला की घडी घालून कडा शिवायची आणि अंगठ्यापुरती फट ठेवायची. एवढं सोपं काम दुसरं नाही, असंही सांगायची, आणि लगेच माझं विणलेलं सगळं उसवायची.

मला वाटलं, शिवायचं तरी कशाला? गिरणीत बसून गुपचूप साखळीचं कडं केलं आणि गोल गोल विणत नळीसारखा हातमोजा वर चढवला, मधूनमधून दुसऱ्या रंगाची लोकर घालून. तो घेऊन मी रुबाबात थेट बाबांपुढे गेलो. बाबांनी तो दोन बोटांत धरला. “पट्टे आडवे?” म्हणाले. “ब्लँकेटची रेघ कधी कुणी आडवी पांघरलेली बघितलीस का रे? माणसाची वाढ खुंटते.” मामा, बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली. आता त्यांची कुठली वाढ व्हायची राहिली आहे ते मला कळेना, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, “त्यांना सांगा, त्यांचं बरोबर आहे.” इतक्या वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर इतकं चटकन जमलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि जमलं ते माझ्याविरुद्ध. नळी उसवली. चौकोनी तुकडा विणला की रेघा आपोआप मनगटाकडून बोटांकडे उभ्या जातात, हे मालिनेओला आधीपासून ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

मग उभ्या पट्ट्यांची जोडी केली. उजवा हातमोजा घरी विणला, मालिनेओच्या नजरेखाली, त्यामुळे टाके भीतीने असे आवळले की तो डब्याच्या पत्र्यासारखा उभा राहायचा. डावा गिरणीत विणला. तिथे बायका मका घेऊन येतात आणि तुमचा भाचा विणताना बघायला मिळतो म्हणून ज्यांच्या घरी पीठ आहे त्याही येतात. म्हातारी माम्फो तर म्हणाली, “लेबुसा, तू विणतोयस की सुईशी भांडतोयस? सोडवायला कुणी बोलावू का?” त्या हसण्याखिदळण्यात टाके इतके सैल पडले की डाव्या हातमोज्यात कोंबडी मावली असती. पट्टा तुटला तोही त्याच दिवशी, कारण माझं लक्ष जात्यावर नव्हतं.

मालिनेओ म्हणाली, मुळात मापच चुकलं आहे. ते मी माझ्याच हातावर घेतलं होतं. सून सासऱ्याच्या हाताला हात लावणार नाही, म्हणून दोरा घेऊन मी गेलो. बाबा उन्हात पेंगत होते. अलगद त्यांच्या तळव्याभोवती दोरा गुंडाळला आणि ते दचकून उठले. आपला पोटचा पोरगा आपल्याला बांधून घालतो आहे असं त्यांना वाटलं. शेजाऱ्यांपर्यंत गेलेली ती बोलणी मी इथे लिहीत नाही. अबोला सुरू झाला तो तिथून.

आता ऐका, मामा, कारण हे सांगण्यासाठीच मी इतका कागद काळा केला आहे. त्या संध्याकाळी मालिनेओने मक्याची उकड शिजवली आणि डाव्या हाताने एक गोळा मळून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, “हा त्यांचा घास. रोज मी वाढते आणि रोज बघते. एवढा त्यांच्या मुठीत बसतो, ना जास्त, ना कमी. याच्याभोवती विणा.” ज्या हाताला तिने जन्मात शिवलं नाही, त्याचं माप तिच्याजवळ होतं. मी त्यांचा मुलगा, त्याच हाताचा मार खाऊन मोठा झालो, आणि मला तो हात किती मोठा हे सांगता आलं नसतं. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान वाटला की मी चष्मा पुसायच्या निमित्ताने बाहेर गेलो. (चष्मा घरातच राहिला होता, हे तिने नंतर सांगितलं.) मग तिने स्वेटरची लोकर माझ्या हाती दिली. मी विणला, गोळ्यावर चढवून बघितला, पुन्हा विणला. गोळा वाळला की ती ताजा करून द्यायची.

काल बाबांनी हातमोजे घातले. मूठ उघडली, मिटली. पट्टे उभे आहेत ना हे उजेडात धरून बघितलं. मला म्हणाले, “तिला सांग, बसले.” मालिनेओ तिथेच डाव्या हाताने भांडी घासत होती. नंतर बाबा आपल्याच गुडघ्यावर बोटं चालवत बसले आणि मालिनेओचा हात भांड्यावरच थांबला. मला हळूच म्हणाली, हे सासूबाईंचं आवडतं गाणं आहे. आवाज काहीच नव्हता, मामा. तिने ते बोटांवरून ओळखलं.

तुमचा भाचा,
लेबुसा

ता. क. सोबतच्या पुडक्यात एक जोडी तुमच्यासाठी आहे. उजवा घालताना मामींना ओढायला सांगा, डावा पिन लावून अडकवा. घाटातून वर येताना ओझं धरलं तर हात गारठतील, म्हणून पाठवतो आहे.

पुन्हा ता. क. ओझं म्हणजे अकॉर्डियन. आईच्या मातीला आला होतात तेव्हा बाबांनीच ‘हा माझ्यासमोरून ने’ म्हणून तो तुमच्या हातात दिला, हे मला ठाऊक आहे. आणि ‘दाजी स्वतःच्या तोंडाने मागतील तेव्हाच देईन’ असं तुम्ही मामींना सांगितलंत, तेही ठाऊक आहे. बाबा मागायचे नाहीत. मी मागतो आहे. मालिनेओ तर दारात उभी राहून केव्हाची मागते आहे.

आणखी एक. हे लिहीत असताना बाबा येऊन मागे उभे राहिले. कुणाला पत्र म्हणून विचारलं. मी म्हणालो, मामांना, हातमोज्यांबद्दल. बाबा जायला वळले आणि दारातून म्हणाले, “त्याला लिही, डावीकडचं वरून तिसरं बटण थंडीत अडकतं. जोर लावू नको म्हणावं. आणताना ब्लँकेटात गुंडाळून आण.” मामा, बाबांच्या तोंडून यापेक्षा जास्त मागणं यायचं नाही. या.