बिनअंड्याचं मेयोनीज

लातूर,
शनिवार, दुपारचे दोन

प्रिय उज्वला,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. पहिले तीन कागद फाडले. दोन ओळी झाल्या की उठते, गॅसचं बटण बंद आहे का बघते, गच्चीवरचे कपडे चाचपते, परत येऊन बसते तर पेनाचं टोपण सापडत नाही. फोन करावा म्हटलं तर फोनवर माझी जीभ भलतीकडेच वळते. परवा किती दिवसांनी तू फोन उचललास, आणि मी काय सांगितलं, तर शेवग्याच्या शेंगा महागल्या म्हणून! एवढं बोलून ठेवून दिला. तू मनात म्हणाली असशील, आत्याबाई आता म्हाताऱ्या झाल्या.

तू मुदखेडला माहेरी जाऊन तीन महिने होत आले. सत्यम दर रविवारी तुला भेटून येतो आणि आल्यावर नुसता टीव्हीसमोर बसतो. मी विचारलं तर म्हणतो, बरी आहे. माझा लेक आहे तो, त्याचं बरं मला कळतं. खरं काय ते तुझ्या आईनं सांगितलं. तू मिक्सरला हात लावत नाहीस, भावजयीनं भाजी टाकायला सांगितली तर फोडणी करून बाजूला होतेस, भांडी तीन-तीनदा घासतेस. आणि म्हणतेस, माझ्या हातालाच खोट हाय. विहीणबाई बोलता बोलता रडल्या. ते ऐकल्यापासून माझं कशात मन लागून नाही राहिलं. पोळी तव्यावर करपते तरी मी खिडकीतून बाहेर बघत असते.

तुला एक बातमी देते, हसू नको. तुझी सासू मेयोनीज करून राहिली. हाव, मीच. आणि बिनअंड्याचं. तुझी ती निळी वही शेल्फावर राहिली होती, त्यात मागच्या पानावर तू लिहून ठेवलं होतं, ‘दुधाचं – करून बघायचं’, आणि पुढं काहीच नाही. म्हटलं, हिचं राहिलेलं आपण करू. कृती कोणाला विचारणार? मोबाइलवर एक बाई दाखवते, पण ती इतक्या घाईनं बोलते की तिचं दूध संपतं तेव्हा माझं अजून पातेल्यात असतं. मग मी माझ्याच अकलेनं सुरू केलं. लिहायला-वाचायला तरी मला कोणी शिकवलं होतं? तुझ्या सासऱ्यांच्या खताच्या पिशव्यांवरची अक्षरं लावत लावत शिकले. तसंच हेही.

पहिल्यांदा घरात होतं ते करडईचं तेल घेतलं. वासानंच मिक्सर बंद केला. दुसऱ्यांदा दूध तापवून, कोमट असतानाच ओतलं, कारण कच्चं दूध द्यायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. ते झालं ताकासारखं, वर तेलाचे डोळे. वाया कसं घालवू, थालीपीठात मळलं, सत्यमनं मुकाट्यानं चार खाल्ली. तिसऱ्यांदा तेल एकदम घातलं. फुटलं. त्या दिवशी शेजारची रत्नम्मा आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, काय गं साखरा, दुधात तेल ओततीस, उद्या वरणात साखरेचा पाक करशील. मी म्हटलं, तू गप बस आणि लिंबू काप.

मग हळूहळू कळलं. दूध तापवून, साय काढून, रात्रभर थंड केलेलं पाहिजे. अर्धी वाटी दूध चटणीच्या लहान भांड्यात घ्यायचं, त्यात मीठ, जराशी साखर, मोहरीची पूड, मिरपूड, लसणाची अर्धी पाकळी. एक वाटी सूर्यफुलाचं तेल, ज्याला स्वतःचा वास नाही असं. मिक्सर फिरता ठेवून झाकणाच्या भोकातून तेलाची धार सोडायची, दिव्यात तेल घालतो तेवढी बारीक. इथं घाई केली की गेलं. अर्धं तेल गेलं की मिक्सरचा आवाज बदलतो, जड होतो. तो आवाज ऐकायचा. शेवटी लिंबू पिळून एकदा फिरवलं की चमच्यावर उभं राहतं. परवा तसं उभं राहिलं. रत्नम्माच्या घरी अंडं चालत नाही, तिनं जन्मात पहिल्यांदा मेयोनीज चाटलं. बोट तोंडात ठेवूनच म्हणाली, “चलो ऐति.” म्हणजे चांगलं झालंय. तिच्या तोंडून माझ्या स्वयंपाकाला तीस वर्षांत दुसऱ्यांदा चांगलं निघालं.

मध्येच उठले होते. दाराची कडी वाजली असं वाटलं, कोणी नव्हतं. पाणी प्यायले. हे तुझ्याशी मेयोनीजचं बोलणं मी लांबवत चालले आहे हे मला कळतंय. माणूस नको तिथं जायचं असलं की चप्पलच शोधत बसतो, तसं चाललंय माझं.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी येते आता.

सिंधुताई चालवते त्या मुलींच्या वसतिगृहात निरोप समारंभ होता. साठ सँडविच. तुझी तोपर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर. आठ दिवसांवर डॉक्टरकीची परीक्षा, पोरी वाचून वाचून वाळल्या होत्या, त्यांना एक संध्याकाळ हसायला मिळावी म्हणून सिंधुताईनं सांगितलं होतं. तू सकाळी नऊला अंड्याचं मेयोनीज केलंस, फ्रीजमध्ये ठेवलंस, आणि ब्रेड, काकड्या, खोके आणायला आणि वसतिगृहातली मांडामांड करायला सत्यमबरोबर गेलीस. अंडी तू एकेक पाण्यात बुडवून बघितली होतीस. मी समोर बसून तूर निवडत होते, मी बघितलंय. दोन बाजूला काढलीस, म्हणालीस, शंका नको.

दुसऱ्या दिवशी अकरा पोरी दवाखान्यात. आपण धावत गेलो तेव्हा सलाईनच्या बाटल्यांची रांग लागली होती. इस्लापूरची ती लुंबिनी, लहानखुरी, तिला सगळ्यात जास्त झालं होतं. तिचे वडील आनंदराज एवढ्या लांबून एसटीनं आलेले, लेकीच्या पायाशी बसलेले. मला वाटलं हा माणूस आता आपल्याला शिव्या देईल. त्यांनी आवाजही चढवला नाही. तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “ताई, अंडी जुनी होती का?” तू मान खाली घातलीस. मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. मी काही बोलले नाही. सत्यम म्हणाला, नीट बघून घ्यायची नाहीत का. तेव्हाही मी काही बोलले नाही. नंतर गल्लीत कोण काय बोललं, मोबाइलवर काय फिरलं, तुझ्या चुलतसासवांनी स्वच्छतेवरून काय टोमणे मारले, सगळं मी ऐकत गेले आणि तुला चहा करून देत गेले. जशी काही मी लई मायाळू.

आता लिहिते.

तुम्ही गेल्यावर अकराच्या सुमाराला आभाळ आलं, वीज कडाडली, आणि मी मेन बटण पाडलं. देवणीकडच्या आमच्या गावात एका वळवात विजेची डीपी जळाली होती, गल्लीतले सगळे टीव्ही गेले होते. तेव्हापासून वीज चमकली की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. तू मला दोनदा सांगितलं होतंस, आत्याबाई, आता मेन पाडत जाऊ नका, फ्रीजमध्ये माल असतो. सत्यमनं तर तिथं कागद चिकटवला होता. मला कागद वाचता येतो. तरी पाडलं. आणि रत्नम्माकडे पापड लाटायला गेले. पाऊस थेंबभर आला नाही, आभाळ फाकलं, ऊन असं पडलं की डोळे उघडेनात. मी पापडांत रमले. पावणेपाचला घरी आले, पंखा लावला तर फिरेना, तेव्हा आठवण झाली. बटण वर केलं. फ्रीज उघडून तुझ्या भांड्याला हात लावला, तर ते ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं लागलं. सहा तास, उज्वला, त्या उन्हाच्या दिवसात.

तुम्ही पाचला आलात, घाईत. तू भांडं बाहेर काढलंस आणि मला विचारलंस, आत्याबाई, फ्रीज नीट चालला ना, भांडं गार लागंना. मी म्हणाले, “मीच दार चार वेळा उघडलं गं, ताकासाठी.” तू विश्वास ठेवलास. लगेच ब्रेडला लावायला बसलीस. कशासाठी खोटं बोलले? तुम्ही दोघांनी मला खेड्यातली अडाणी म्हणू नये म्हणून. एवढ्याशा शरमेसाठी. वाटलं, एवढ्यानं काय होतं, दुधासारखं नासलं असतं तर वास आला असता. वास आला नव्हता. दवाखान्यात त्या पोरीच्या हातातली सुई बघितली तेव्हा सगळं कळलं, पण तोंड उघडलं नाही. पोरी बऱ्या झाल्या, लुंबिनीनं हाताला पट्टी असताना पेपर दिला, सिंधुताई म्हणते मार्क चांगले आले. त्यानं मला तसल्ली मिळाली नाही, नुसती झोप उडाली. आणि हे दुधाचं मेयोनीज शिकून झालं की मन शांत होईल असं वाटलं होतं, तेही झालं नाही. दुधाचं असलं तरी उन्हात ठेवलं तर तेही घातच करणार. अंड्यात काही नव्हतं, करणारीच्या हातात तर नव्हतंच.

मी तुला परत ये म्हणून हे लिहीत नाही. यायचं की नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघायचं की नाही, ते तू ठरव. उद्या सकाळी सत्यमला सांगणार, मग सिंधुताईकडे जाऊन तिच्यासमोरून इस्लापूरला आनंदराजांना फोन लावणार. पण सगळ्यात आधी तुलाच लिहायचं होतं. फोनवर सांगितलं असतं तर ते तुझ्या एकटीच्या कानात राहिलं असतं, आणि लोक म्हणाले असते की सून स्वतःला वाचवायला सासूचं नाव घेते. म्हणून कागदावर लिहिलं. हे पत्र लपवू नको. आईला वाचून दाखव, भावजयीला दाखव, ज्यानं ज्यानं तुला विचारलं त्याच्यापुढे ठेव. पुन्हा काम सुरू करशील आणि कोणी जुनं उकरून काढलं, तर हे काढून दे. बँकेत करते तशी पूर्ण नावानं सही केली आहे, कोणाला शंका नको.

तुझीच,
साखराबाई व्यंकटराव बिरादार