सुटका म्हणजे कुठली?

५ फेब्रुवारी २००२
गेणभाऊच्या विहिरीत बिबट्या पडला. जंगलखात्याच्या माणसांनी दोर बांधून बाज खाली सोडली. गडी चढून बसला, पावण्यासारखा! साहेब म्हणाला, "रेस्क्यू झाला." म्हटलं, म्हंजी? "सुटका, आजी." अन् लगेच घातला पिंजऱ्यात. बरी सुटका.
हर्षाली, जसं बोलते तसंच लिही. कॉलेजातलं करू नकोस.

७ फेब्रुवारी
हर्षाली माझी नात, पहिलटकरीण, माहेरी आलीय. पोटावर वही टेकवून लिहिते. विचारते, हा शब्द आला कुठून? म्हटलं, गोठ्यातून. दाव्याची गाठ सुटली की गाईची सुटका. पोरही नाळेनं बांधलेलं, म्हणून बाळंतीण झाली की 'सुटली' म्हणायचं.
"आणखी कशाला म्हणतात?"
कशाला न्हाई. ठेव वही, पाठ भरून येईल.

१६ फेब्रुवारी
आज माझा धाकटा, भरत, लिहितोय. अक्षर कोंबडीचं.
हर्षालीला सकाळी जीपनं जुन्नरला दवाखान्यात नेलं. पोर आडवं आहे. तिची आई, हिरा, सोबत गेली. तिला बजावलंय— फोनवर 'सुटली' म्हणू नको.
हर्षालीपुढं बोलले नाही ते लिही. माझी थोरली सुंदरा मंचरकडं दिलेली. दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी तिचा दीर म्हस्कू सायकलवर आला, म्हणाला, "सुंदरा सुटली." मी आळीभर गूळ वाटला. साळुबाईनं खडा तोंडात टाकून विचारलं, "मुलगा का मुलगी?" म्हस्कूनं मान वर केली नाही. तेव्हा कळलं, कुठली सुटका.
भरत थांबला. म्हटलं, लिही. तुझी बहीणच व्हती.

दुपारी
फोन आला. भरतनं घेतला. "वहिनी म्हणते, मोकळी झाली." अन् लाईन गेली.
हिरा, शहाणे, मोकळीलाही दोन तोंडं गं.
भरत नंबर फिरवतोय. लागत नाही. म्हटलं, बस, लिहीत राहा. काय लिहू म्हणतो. काहीही लिही. चुलीवर भात आहे लिही. करपतोय लिही.

संध्याकाळी
हर्षाली स्वतः बोलली. "आजी, लई भूक लागलीय. इथं नुसता चहा देत्यात."
मुलगा का मुलगी, विचारायचं राहिलंच.