सातव्या महिन्यातली माउली

१९ ऑगस्ट

वाट लागली! माउलीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय. इतके दिवस प्रदर्शनात कोणी ढुंकून बघत नव्हतं. चहाला यायचे, चहा पिऊन जायचे. काल कोणीतरी फोटो काढला, खाली लिहिलं ‘आपल्या पवित्र मातेची विटंबना’, आणि सकाळपासून माझा फोन थांबत नाहीये.

काय विटंबना केली मी? हातभर उंचीची मातीची मूर्ती. भाजलेली, रंग न दिलेली. मरियामाउली — आमच्या गावठणातल्या बायका नेसायच्या तसं लुगडं नेसलेली. एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली. सातवा महिना. बस! येशू काय कुरिअरनं आला होता?

हे मी ॲश्लीला म्हटलं. बोरिवलीचा हॉल तिचा, प्रदर्शन तिनंच भरवलंय. म्हणाली, ‘बाई गं, हे वाक्य पेपरवाल्यांना नको सांगूस.’

२१ ऑगस्ट

आज हॉलमध्ये ही गर्दी! कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांचं ऐकलं. मूर्ती करणारी मीच, हे तिथे कोणी ओळखलं नाही, बरं झालं.

एक काका: ‘पोट दाखवायची काय गरज होती?’ त्यांची बायको मूर्तीसमोरून हलली नाही, त्यांनी दोनदा हाक मारली तरी. एक बाई म्हणाली, ‘माउलीची नजर खाली असते. ही सरळ बघते. निर्लज्ज!’ कॉलेजच्या दोन पोरी, ‘झकास आहे यार’ म्हणत सेल्फी काढून गेल्या. एकानं बाहेर घोषणा दिल्या, मग घसा बसला म्हणून आत येऊन पाणी मागितलं. ॲश्लीनं दिलं.

आणि सगळ्यात कहर म्हणजे आमच्या घरासमोरच्या द्रौपदीकाकू. मालवणच्या. दहिसरहून बसनं आल्या, पिशवीतून नारळ, तांदूळ, खण काढला आणि सरळ माउलीची ओटी भरली! मी धावले. ‘काकू, अहो काय करताय?’

‘गरवारशी बाई अशी रिकामी उभी करून ठेवलंस? ओटी कोण भरतला तिची?’

त्याचाही फोटो निघाला. आता दोन्हीकडचे पेटलेत.

२३ ऑगस्ट

झेवियर अंकल घरी आले. शेजारचेच. मला सायकल शिकवली ती त्यांनी. आता चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत. खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

‘आठ सप्टेंबरला माउलीचा सण, त्याआधी ती मूर्ती फोड आणि माफी लिहून दे. नाहीतर तुझ्या मम्मीला यंदा माउलीच्या अंगाला हात लावता येणार नाही.’

दरवर्षी सणाला चर्चमधल्या माउलीला मम्मी सजवते. दार लावून, आत फक्त बायका. नवा झगा ती स्वतः शिवते. पप्पा गेले त्या वर्षीसुद्धा शिवला होता. मला वाटलं, मम्मी आता काहीतरी बोलेल. माझ्या बाजूनं नाही तर नाही, निदान ‘बघू’ म्हणेल.

म्हणाली, ‘फोड.’

अंकल गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून एक शब्द नाही. ताट वाढते, पुढ्यात सरकवते, जाते.

२४ ऑगस्ट

सातवाच महिना का, हे कोणीच विचारलं नाही. इतक्या शिव्या दिल्या, पण हे नाही.

मार्चमध्ये माझं बाळ गेलं. सातव्यात. आतल्या आत. गॅविन, माझा नवरा, जहाजावर होता, अजून आहे. हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, ‘बघायचंय का?’ माझ्या आधी मम्मी ‘नको’ म्हणाली. माझ्या भल्यासाठीच म्हणाली असेल. घरी आले तर पाळणा गायब, झबली गायब. छताला पाळण्याची कडी तेवढी राहिलेली. त्यानंतर या घरात त्याचा विषय नाही. मुलगा होता की मुलगी, तेही मी विचारू शकले नाही!

मग माती आणली. हात आपोआप चालले. ती तयार झाली तेव्हा पहिल्यांदा झोप लागली मला.

तिच्याशिवाय माझ्याकडे त्याचं काही नाही. काही म्हणजे काही नाही. नाही फोडणार. मम्मी आयुष्यभर बोलली नाही तरी नाही.

२७ ऑगस्ट

आज गणपती. हॉलवर पोलीस येऊन गेले. अगदी सभ्यपणे. ‘मॅडम, बंदोबस्ताला माणसं नाहीत हो, तुम्हीच काय ते मिटवा.’ ॲश्लीनं मूर्ती उचलून मागच्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातलं. ‘थोडे दिवस, क्लॅरिस. सॉरी.’ रागावले नाही तिच्यावर. तिलाही धमक्या येतायत.

३० ऑगस्ट

गेली.

खोलीचं कुलूप जसंच्या तसं, आणि आत मूर्ती नाही. ॲश्ली रडत होती. मी रडलेसुद्धा नाही. कोणी नेली असेल ते सगळ्यांना माहीत आहे, सिद्ध कोण करणार?

घरी आल्यावर मम्मीला सांगितलं. तिनं पोळपाट धुवायला घेतला. धुतलेलाच होता.

३१ ऑगस्ट

चर्चच्या फळ्यावर अंकलची सही असलेली नोटीस. वातावरण तापलेलं असल्यामुळे यंदा नोव्हेनात, सणाआधीच्या नऊ दिवसांत, माउली घरोघरी जाणार नाही. म्हणजे माझ्यामुळेच. लहानपणापासून एकदाही चुकलेलं नाही हे! संध्याकाळी निळी शाल पांघरून माउली निघते, एका घरी रात्रभर राहते, दुसऱ्या संध्याकाळी त्या घरानं तिला गात गात पुढच्या घरी पोचवायचं. मधलं घर गाळायचं नाही. आणि दारात आलेल्या माउलीला कोणी नाही म्हणायचं नाही. भांडण असो, सुतक असो.

पण आज संध्याकाळी गल्लीच्या टोकाकडून गाणं ऐकू आलं. तेच, माउली नेतानाचं. बायकांचे आवाज. खिडकीतून वाकून बघितलं, वळणामुळे दिसलं नाही.

१ सप्टेंबर

आज परत. काल होतं त्याच्या एक घर अलीकडे.

२ सप्टेंबर

आजही. आणखी एक घर अलीकडे.

न राहवून मम्मीला विचारलं, ‘कमिटीनं परवानगी दिली का?’ इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं.

‘माउली चर्चमध्येच आहे. मीच कुलूप लावून आले.’

‘मग या बायका काय नेतायत?’

उठून आत गेली. मी बाहेरच्या खोलीत एकटीच, आणि गल्लीत ते गाणं.

३ सप्टेंबर

गावठणातल्या बायकांना काय झालंय? मासळीवाली माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि कोलंबी निवडायला लागली. वळणावर जोॲन आजी भेटली, ऐंशी पार केलेली बाई, तिनं माझे गाल धरून मुका घेतला. एरवी मला ओळखत पण नाही ती! दाराशी कोणीतरी अबोलीचा गजरा ठेवून गेलंय. शिव्यांपेक्षा याची भीती वाटायला लागली आहे मला. शिव्या निदान कळतात.

दुपारी द्रौपदीकाकू आल्या. त्यांचं पहिलंच वाक्य: ‘तुझी बाय बघून इलंय.’

फुटलेली नाही! आहे! शालीखाली तीच आहे! एकेका घरी जातेय, बायका दार लावून शाल काढतात, माळ ओढत रोझरी म्हणतात, परत शाल घालतात. कोणी कोणाला सांगत नाही. काकूंना त्यांच्या मैत्रिणीनं आत घेतलं.

‘आणि पोटाक कान लावलंय मी,’ काकू म्हणाल्या. ‘सगळ्यो लावतत. आत पोर हलता.’

‘काकू, मातीची आहे ती. मी केलीय. आतून पोकळ आहे.’

‘तां माका काय म्हायत? लाथ न्हय गो. सरकता. कुशीवर वळता तसा.’

मला माहीत आहे कुशीवर वळणं कसं असतं. काकूंना जा म्हटलं. उगाच ओरडले त्यांच्यावर.

४ सप्टेंबर

आज खिडकीतून दिसली मिरवणूक. आठ-दहा बायका, मेणबत्त्या, मध्ये निळी शाल. समोरून झेवियर अंकल आले. मला वाटलं, आता संपलं! नोटीस त्यांचीच. ते थांबले, टोपी काढली, आणि भर गल्लीत गुडघ्यावर बसून क्रुसाची खूण केली. तिच्यापुढे! एकही बाई हसली नाही. सगळ्या सरळ समोर बघत गात राहिल्या.

मग घरी जाऊन अंकलनी ग्रुपवर टाकलं: ‘परवानगीशिवाय माउलीला बाहेर काढणाऱ्या महिलांना जाब विचारला जाईल.’ खाली पुरुषांचे अंगठे. बायकांचा एकही नाही.

५ सप्टेंबर

शेजारच्या घरात आहे, अंकलच्या नाही, अलीकडच्या. भिंतीपलीकडे. उद्या आमच्याकडे.

मला ती हवी आहे. आणि येऊ नये असंही वाटतंय. सगळ्यांना ऐकू येतं म्हणे. मला नाही आलं तर?

६ सप्टेंबर

आली.

बायका गात आल्या, मम्मीनं दार उघडलं, हात पुढे केले. डोळ्यांत आश्चर्य नाही. तेव्हाच ओळखलं मी. सगळ्या गेल्यावर म्हटलं, ‘तू नेलीस ना हॉलमधून?’

‘वॉचमनला म्हटलं, मुलीनं मागवलीय. त्यानं खोली उघडून दिली.’ शाल नीट करत बोलत होती. ‘नदीवर नेऊन फोडणार होते. उघडी कशी नेऊ? माउलीची जुनी शाल घरात होती, ती टाकली. वळणावर जोॲननं बघितलं. नोव्हेनाचा पहिला दिवस, संध्याकाळ, निळी शाल, आणि घेऊन चाललेय मी! काय समजणार ती? मेणबत्ती पेटवून उभी राहिली. ये माय म्हणाली. मी काय सांगू तिला — ही ती नाही?’

‘शाल काढल्यावर?’

‘शाल परत घातली. दुसऱ्या दिवशी स्वतः पुढच्या घरी देऊन आली.’

‘मम्मी, तू कान लावलास?’

‘मला कमी ऐकू येतं,’ ती म्हणाली. खोटं! शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी हिला मोजता येते.

मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मुलगी होती.’

रडलो दोघी. पहिल्यांदाच. एवढ्या महिन्यांनी.

नंतर मी कान लावला. लांब विसर्जनाचे ढोल चालले होते, त्यांचाच दणका मातीत. बाकी काही नाही.

७ सप्टेंबर, सकाळ

आता कुठे ढोल नाहीत, काही नाही. परत लावला. डावा कान, उजवा कान. गार माती. काही नाही. काही नाहीच आहे आत, मला नाही माहीत तर कोणाला? तरी वेड्यासारखी रडले. साऱ्या गल्लीला ऐकू आलं आणि मलाच नाही.

आणि आज संध्याकाळी ती पुढे द्यायची. पुढचं घर झेवियर अंकलचं. एकटाच माणूस. दार लावून शाल काढतील, आणि तिथेच फोडतील.

मम्मी म्हणते, नको नेऊस. अंकलचं घर गाळ, सरळ पलीकडे दे. मम्मी म्हणते हे! जिनं जन्मात एक घर गाळलं नाही! मी म्हटलं, ‘दारात माउली आली नाही म्हणून त्यांना काय वाटेल?’ बोलून गेले, मग माझंच मला हसू आलं. हो, मलाही ठेवून घ्यायची आहे. कपाटात, कुलपात. पण ती आता माझ्या एकटीची राहिली नाहीये. इतक्या घरांत राहून आलीय.

चोरून नाही देणार. तोंड झाकून तर नाहीच नाही. काय व्हायचं ते होवो.

७ सप्टेंबर, संध्याकाळ

शाल मी त्यांच्या दारातच काढली. अंकलचे हात आधीच पुढे आले होते. बघितलं त्यांनी. मागे बायकांचं गाणं चालूच. ते हात मागे घेतील म्हणून वाट बघितली मी. नाही घेतले. माझ्याकडून घेतली, छातीशी धरली, आणि चेहरा पांढराफटक पडला त्यांचा.

‘क्लॅरिस,’ म्हणाले, ‘हात लाव. इथे हात लाव गं.’

लावला.

हललं.