नारळ फोडल्याचा खुलासा

१७ फेब्रुवारी

कार्यालयाने खुलासा मागितला आहे. तो लिहिण्याआधी, घडलं ते क्रमाने, स्वतःसाठी.

१. वाटूरच्या सामाईक केंद्रात आमच्या गटाचा कलर सॉर्टर, म्हणजे डाळ निवडायची मशीन, दिवाळीपासून बसवलेला आहे. तरुण उद्योजकांच्या योजनेतून मिळाला. उद्घाटन झालं नाही म्हणून बंद. आधी आचारसंहिता होती. मग उद्घाटनाच्या पाहुण्यांना तारीख मिळेना.
२. काल कंपनीचा इंजिनिअर आला. चाचणी करून द्यायला तो एकदाच येतो. चाचणीशिवाय वॉरंटी लागू होत नाही.
३. प्रकल्प अधिकाऱ्यांना (प्र. अ.) फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला. त्यांनी वाचला.
४. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, नारियल?" मी म्हटलं, जरूरत नहीं. तो बटणाला हात लावेना.
५. गटातल्या शिवाच्या आईने घरून नारळ आणून फोडला. मी तेव्हा कॉम्प्रेसरपाशी होते.
६. मशीन चालली. कॅमेऱ्याने डाळीतला काळा, डागी दाणा ओळखला, हवेच्या फुंकरीने बाजूला उडवला. पहिल्याच फेरीत.
७. शिवाने फोटो योजनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आईच्या हस्ते उद्घाटन."
८. आज सकाळी कार्यालयाचा शिपाई आमच्या कुलपावर दुसरं कुलूप लावून गेला.

१८ फेब्रुवारी

शिवा आला. गटात पाच नावं आहेत, काम करणारे आम्ही दोघंच. वयाने मोठा असून मला ताई म्हणतो.

"उद्घाटन कशाला लिहिलंस?"

"मंग काय लिहायचं व्हतं? आई पहिल्यांदा फोटोत आल्ती."

मी फोटो पुन्हा उघडून पाहिला.

मग त्यानेच तोडगा काढला. "खुलाशात लिही ना, नारळ चटणीसाठी फोडला."

"चटणी करायला सॉर्टर लागत नाही."

तो बराच वेळ हसला. मला हसू आलं नाही. दमले असावे.

२० फेब्रुवारी

जालन्याला कार्यालयात. बाकावर बसवून ठेवलं. लिपिकाने मान वर न करता विचारलं, "ताई, तुमच्यात तर नारळ फोडत न्हाईत म्हणे?"

"मी फोडला नाही. मी मशीन सुरू केली."

तो पुन्हा कागदात शिरला. शाळेत, पॉलिटेक्निकला, चाकणच्या नोकरीत, हा प्रश्न वेगवेगळ्या वस्तूंच्या नावाने विचारला गेला आहे. उत्तर नेहमी एका ओळीत द्यावं. दुसरी ओळ सुरू केली की संपत नाही.

प्र. अ. सभ्य आहेत. चहा मागवला. म्हणाले, "चाचणी घेतली असती तर माझी काही हरकत नव्हती. नारळ कशाला फोडला, मॅडम? नारळ फुटला की उद्घाटन झालं. आता मी वर काय तोंड दाखवू?"

"म्हणजे मशीन चालवली याबद्दल तक्रार नाही?"

"मशीन कोण बघतंय."

फरक नोंदवून ठेवते. मशीन चालली तर ती चाचणी. नारळ फुटला तर ते उद्घाटन. मशीन न चालता नुसता नारळ फुटला असता, तरी उद्घाटनच.

२४ फेब्रुवारी

चाकणहून जुन्या मॅनेजरांचा फोन. माझी जागा रिकामी आहे, यायचं असेल तर एक एप्रिलला रुजू व्हा, मार्च संपायच्या आत नक्की सांगा.

पप्पांना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे बोलण्याआधी चष्मा काढतात. "मी काही म्हणत नाही," म्हणाले आणि चष्मा परत घातला. नोकरी सोडून आले तेव्हाही हेच वाक्य होतं. तेव्हा मी त्याला होकार समजले होते. आज…

२७ फेब्रुवारी

परतूरकडच्या बायकांच्या गटाने घरी भरडलेली तूरडाळ टेम्पोत घालून आणली. मी परवाच नको म्हणून कळवलं होतं. त्यांना वाटलं, दारात माल आला की कुलूप निघेल. दोन्ही कुलपं दाखवली. एक बाई दुसरीला म्हणाली, "चल गं, हिच्या हातात काय न्हाई." चिडून नाही. कीव करून म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जालन्याच्या व्यापाऱ्यांचा फोन. त्यांनी निवडीचं काम आम्हाला देऊ केलं होतं. "ताई, मशीन हाय का शोकेस? सीझन थांबत न्हाई. मी माल दुसरीकडं टाकून राह्यलो." बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर याआधीच टाकला असता.

१ मार्च, रविवार

शिवाकडे राजूरहून पाहुणे. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. मुलीच्या मामांना 'कंपनी' बघायची होती. शिवाने मला बोलावून घेतलं, मशीनबद्दल कुणी विचारलं तर सांगायला.

मामांनी खिडकीच्या काचेला हात टेकवून आत पाहिलं.

"दोन कुलपं कशाला?"

"महागाची हाय ना मशीन," शिवा म्हणाला.

"जरा चालू करून दाव की."

"लाईट गेली, मामा."

समोरच्या हॉटेलात पंखा फिरत होता. मामांनी तिकडे पाहिलं. मला कुणी काही विचारलं नाही.

६ मार्च

प्र. अ. यांचा फोन. मार्ग निघाला आहे. १२ तारखेला पाहुणे येणार, नक्की. त्याआधी मी लिहून द्यायचं की "मशीन सुरू केली नव्हती, नारळ फक्त फोटोपुरता ठेवला होता." लिहून दिलं की सोमवारी त्यांचं कुलूप निघेल, किल्ली आमच्याकडे. शिवाय मशीनवरचं प्लास्टिक परत चिकटवायचं. नवी दिसली पाहिजे.

मी सांगितलं, इंजिनिअरच्या चाचणी अहवालावर माझी सही आहे. सुरूच केली नव्हती असं लिहिलं तर तो अहवाल खोटा ठरतो, वॉरंटीही जाते.

"वॉरंटीचं नंतर बघू."

"नंतर कोण बघणार?"

"तुम्हीच की."

७ मार्च

शिवा म्हणाला, "एक ओळ हाय, ताई. एक सही. माझं लगीन हाय त्याच्यात."

ओळ एकच आहे हे खरं. दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह बिघडला की कंपनी तीच ओळ दाखवेल, आणि तेव्हा प्र. अ. बदलून गेलेले असतील. त्याला समजावलं. त्याला समजलं. समजल्याने त्याचं काही बरं झालं नाही. "तुला चाकण तरी हाय," एवढंच बोलून गेला.

सही करणार नाही. प्लास्टिक चिकटवेन, असं प्र. अ. यांना कळवलं. प्लास्टिकवर काही लिहिलेलं नसतं.

९ मार्च

केंद्र साफसफाईसाठी उघडून दिलं, शिपायाच्या देखरेखीखाली. किल्ली त्याच्याच खिशात. हवेच्या एका नळीवर उंदराचे दात. भोक पडलेलं नाही, तरी बदलावी लागेल. मशीनच्या पन्हाळीत चाचणीची थोडी डाळ राहिली होती, ती ब्रशने काढली.

प्लास्टिकचा चिकटपणा गेलेला. शिवाच्या आई चिकटपट्टी धरून उभ्या होत्या, मी कापून लावत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "माझ्यामुळं झालं का गं हे?"

"नाही काकू."

"मंग कुणामुळं?"

मी पुढची पट्टी मागितली.

१२ मार्च

मांडव, खुर्च्या, दाराला लाल रिबन, ताटात कात्री. सकाळपासून लोक आलेले. दुपारी निरोप आला की पाहुणे दुसऱ्या रस्त्याने पुढे गेले, इकडचा कार्यक्रम पुढे ढकलला. लोक पुरीभाजी खाऊन गेले. कुणाला विशेष वाटल्याचं दिसलं नाही.

प्र. अ. मागच्या रांगेत एकटे बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. अचानक म्हणाले, "मॅडम, मी पण इंजिनिअर आहे."

"मेकॅनिकल?"

"सिव्हिल." मग, "हे केंद्र बांधलं तेव्हा उतार मी स्वतः बघितला होता. पाणी साचत नाही ना?"

"नाही. उतार चांगला आहे."

त्यांना बरं वाटलं. उठले, शिपायाला कुलूप लावायला सांगितलं. मांडववाल्याने रिबनचं विचारलं. राहू दे म्हणाले.

१४ मार्च

राजूरहून निरोप. शिवा म्हणतो, "'बघू' म्हणले. 'न्हाई' न्हाई म्हणले." दोनदा सांगितलं.

चाकणचा ईमेल, आठवणीचा. उत्तर दिलं नाही. पप्पांनी आज चष्मा न काढता विचारलं, "तुला काय पाहिजे?" मी म्हटलं, किल्ली. ते म्हणाले, मग तसं लिही की. किल्ली पाहिजे असं आतापर्यंत कुणाला लिहिलंच नव्हतं. खुलासेच लिहीत राहिले.

१६ मार्च

पत्र आज पोस्टाने पाठवलं, ईमेलही केला. मजकूर असा:

मा. प्रकल्प अधिकारी यांस,

१६ फेब्रुवारीला वाटूर केंद्रातील मशीन चाचणीसाठी सुरू केली. ती व्यवस्थित चालली. त्या वेळी नारळ फोडला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि माझ्या उपस्थितीत घडल्या. मशीन सुरू केली नव्हती असे मी लिहून देणार नाही. नारळ फोडणाऱ्या बाई गटाच्या सदस्य नाहीत. त्यांच्याकडे खुलासा मागू नये.

केंद्राची किल्ली आम्हाला मिळाल्यास मी येथेच काम करीन. उद्घाटन पुढे कधीही, कोणाच्याही हस्ते करावे. त्या दिवशी मशीन पुसून ठेवू. उद्घाटनापर्यंत केंद्र बंदच ठेवायचे असल्यास मला १ एप्रिलला दुसरीकडे रुजू व्हावे लागेल. तसे झाल्यास श्री. शिवाजी यांना मशीन शिकवण्यासाठी जाण्यापूर्वी दोन दिवस केंद्र उघडून द्यावे. ते शिकू शकतात.

किल्ली देणार की नाही, एवढेच कळवावे. प्रक्रिया सुरू आहे, असे उत्तर आल्यास ते नाही असे समजेन.

कृपया शुक्रवार, २७ मार्चपर्यंत लेखी उत्तर द्यावे.