कर्नलचा पुरा नंबर

बाबा, तुमाले जाऊन चाळीस वर्षं झाली अन् आज मी तुमाले लिहायले बसली, कारण घरात दुसरं कोणी नाही. नात कारंज्याले गेली, आज दुसऱ्यांदा. जाताना मले कंप्युटरसमोर बसवून गेली. "आजी, वायरले हात लावू नको. त्या बोर्डावर पंखा बी लावू नको." म्हणून घाम पुसत बसली आहे. मांजर आलं तरी हाकलते, न जाणो शेपटीनं काही दाबलं तर.

उद्या दहा वाजता तिची नोकरीची परीक्षा आहे, घरूनच, या मशीनवर. कंपनीवाले कॅमेऱ्यातून तिचं तोंड पाहत बसणार, तोंड दिसलं नाही तर पेपरच देणार नाहीत. कॅमेरा आणला, तर मशीन त्याले ओळखत नाही. अन् परीक्षा हुकली तर तिच्या बापानं शिरपूरच्या पाहुण्यायले होकार द्यायचं ठरवूनच ठेवलं आहे. पोरगा चांगला आहे म्हणते. माह्या वेळेस तुमी बी असंच म्हणत होते.

मी तिले म्हटलं, "मैत्रिणीच्या घरी जाऊन काहून नाही देत परीक्षा?"

"तिची बी उद्याच आहे आजी, अन् तिच्या घरी मशीन एकच."

मंग तिनं मले समजावून सांगतलं, मी चौथीतून काढलेली बाई आहे हे इसरून. म्हणे, मशीनच्या आत कर्नल असते, म्हणजे त्याचा गाभा. वर दिसते ते सारं त्याच्या भरवशावर चालते. तो गाभा ज्या लिखाणातून घडला, ते लिखाण म्हणजे त्याचा सोर्स कोड. ते शोधून आणायचं, मशीनमधी त्याच्या ठरलेल्या जागी ठेवायचं, मंग त्याच्या मापानं कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनले कॅमेऱ्याची ओळख करून देणारा, घडवायचा.

"अन् हे लिखाण देते कोण?"

"कोणीबी घ्यावं, उघडंच ठेवलं आहे लोकायनं. फक्त आपल्या मशीनमधी कर्नलचा जो नंबर चालू आहे, नेमका तोच पाहिजे."

हे मले तिच्या बापापेक्षा लवकर समजलं. अजून डोळ्यासमोर दिसते, शेलूबाजारले सडकेच्या कडेले तुमचं टिनाचं शेड आहे, तुमी ऑइल इंजिन उघडून बसले आहात, चार गिऱ्हाईकं बिड्या ओढत आहेत. अकरा वर्षांची मी कारंज्याहून बेअरिंग घेऊन येते. जुनं बेअरिंग नमुना म्हणून फडक्यात बांधून दिलं होतं तुमी, पण ऑइलानं झगा खराब होते म्हणून मी ते घरीच ठेवून गेली, नंबर पाठ करून. नवं काही बसत नाही. तुमी हात उगारला नाही. सगळ्यायसमोर एवढंच म्हटलं, "हे ज्याच्या इंजिनाचं आणलं ना, त्याच्या घरी जाऊन बसव." ते चार जण हसले. दोन दिवस मी जेवली नाही अन् तुमी इचारलं बी नाही, हे आज सांगून ठेवते.

तर सकाळी नात पहिल्या बसनं कारंज्याले मैत्रिणीकडं गेली. आपल्या गावातलं नेट बोलण्यापुरतं, एवढी मोठी फाइल अर्ध्यात तुटते. तिथं पोचल्यावर तिचा फोन आला, "आजी, घाईत नंबर लिहून घ्यायचा राह्यला. पडद्यावर लावूनच ठेवला आहे, वाच." मी वाचला. तिनं घेतला. दुपारी पेनड्राइव्ह घेऊन आली, न जेवता बसली. पडद्यावर ओळी अशा धावल्या जसे थ्रेशरमधून दाणे पडतात. मले वाटलं झालं. मंग एक ओळ आली अन् सारं थांबलं.

"घेत नाही आजी. नंबर जुळत नाही म्हणते."

मी उठून मांजर हाकललं.

"माहंच चुकलं," ती म्हणे, "फोनवर तुटक तुटक ऐकू आलं." तिनं पडद्यावर पाहून तळहातावर पेनानं नंबर लिहिला, हातात भाकर धरली अन् जीप पकडाले पळाली. तिचा बाप दारात उभा होता. "पाहुण्यायले फोन करू काय मंग?" मी म्हटलं, "तू आधी बैलायले पाणी दाखव."

आता पाच वाजून गेले. जीप यायले पाहिजे होती. यावेळेस बी नाही जुळलं तर तिसऱ्या खेपेले वेळ नाही. मी घडीघडी दारात जाऊन येते अन् पुन्हा या पडद्यासमोर बसते, जसं काही माह्या पाहण्यानं ते सुधरणार आहे.

बाबा, तिले ऐकू नीट आलं होतं. नंबराच्या शेवटी एक आडवी रेघ आहे अन् रेघेपुढं अजून दोन आकडे. मले ते धुरकट दिसले. चष्मा फळीवर होता, पाच पावलांवर. मी उठली नाही. म्हटलं, एवढा लांब नंबर झाला, पुरे.

पोरीले हे सांगतलं नाही. सांगीन. तुमाले आधी सांगतलं, कारण तुमी आता चार लोकायसमोर काही म्हणू शकत नाही.