बाणदार मान्सॉकच्या आईने केलेली वाटणी

मी माक्दोक, दिवंगत तोक्सेंगची बायको, राजधानी हानयांगच्या उत्तर वेशीबाहेर कागद बनतो त्या ओढ्याकाठी राहणारी, माझ्या मागे काय कोणाचे ते आज सांगून ठेवते. मी बोलते आहे आणि निवृत्त कारकून ह्वांग लिहीत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. गाठ आहे ती पोटात. मला कोणी धमकावलेले नाही की दारू पाजलेली नाही. जावई चोन्सूने सकाळी दारूचा बुधला आणला होता, तो झाकणासकट परत केला.

घराविषयी. रिवाजाप्रमाणे लेकीला आणि लेकाला सारखे. वरची खोली, मागचा तुतीचा मळा आणि अंगणातले सोयाबीनच्या खारीचे रांजण हे लेक उल्गाचे. मोठ्या रांजणाला तडा आहे, तो तिच्याच नवऱ्याने पाडला, म्हणून तो बदलून मागू नये. वडिलांचे श्राद्ध तिने करावे. तिला भात मऊ शिजवायची सवय आहे आणि तोक्सेंगला मोकळा लागायचा, एवढे एक दिवस लक्षात ठेवावे. खालची खोली आणि स्वयंपाकघर लेक मान्सॉकच्या वाट्याचे. त्याविषयी पुढे येईल.

हत्यारांविषयी. कागद गुंडाळायच्या शिक्का मारलेल्या दांड्या सरकारच्या आहेत, त्या मी गेल्यावर लगेच पोचत्या कराव्यात, नाहीतर पाठीवर फटके बसतात. नाशपातीच्या लाकडाची दांडी माझी, तोक्सेंगने तासून दिलेली. ती, दाभण आणि खळ लावायचा कुंचा सून सोबीला. कागदाला खळ लावून दांडीवर ताणून गुंडाळायचा, वाळला की दांडी ओढून काढायची, राहते ते नळकांडे. आत उडवायची दारू कोण भरते आणि किती, ते आम्हाला सांगत नाहीत. बांबूच्या काठीला बांधले की झाला अग्निबाण. कागद येतो तो बहुधा परीक्षेत नापास झालेल्यांच्या उत्तरांचा. एवढी विद्या गुंडाळून मी सीमेपलीकडे उडवली, पण तिकडून कोणी पास झाल्याचे कळवले नाही.

सोबी लग्न होऊन आली तेव्हा तिची नळकांडी तोंडाशी सैल पडायची. मी रोज बोलायची आणि ती रोज ऐकून घ्यायची. आता कोणते तिचे आणि कोणते माझे हे मलाच ओळखू येत नाही.

आता मान्सॉकविषयी.

तो उत्तर सीमेच्या ठाण्यावर बाणदार होता. बाणांच्या गाडीवर त्याचे काम वातीला विस्तव लावण्याचे. तीन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात त्याच्या ठाण्यावर हल्ला झाला. नंतर त्याच्या तुकडीतला एक जण, एक कान गेलेला, आमच्या अंगणात येऊन बसला. सोबीने त्याला पाणी दिले. तो म्हणाला, "मावशी, पेटीतले सगळे बाण एकदम पेटले. धुरात हात दिसत नव्हता. धूर गेला तेव्हा गाडी नव्हती आणि गाडीजवळची माणसंही नव्हती. उचलून आणावं असं काही राहिलंच नाही."

सोबी म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्यांना मेलेलं पाहिलं नाही."

"नाही पाहिलं, वहिनी."

"मग धुरातून निसटले असतील."

कान गेलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला जेवून जा म्हटले. मला रडू आले नाही, अजून येत नाही. उल्गा म्हणते, "आई, तू दगड झालीस." झाले असेन. ऊन पडले की कागद वाळत घालते, तिन्हीसांजेला काढते, मध्ये काय होते ते मला आठवत नाही.

आमची नळकांडी जातात त्या सरकारी बाणखान्याच्या दारात जाऊन मी विचारले. कोठीवाला म्हणाला, "बाणांबद्दल बाहेर बोलायची मनाई आहे. आणि बाई, नळकांडी तुम्हीच गुंडाळता ना?" माझी नळकांडी त्याच्या ओल्या कोठारात भिंतीला टेकून पडलेली मी त्याच दारातून बघत होते. त्याला माझ्या तेराव्याचे, म्हणजे जे काही माझ्यामागे शिजेल त्याचे, बोलावणे करू नये.

तेव्हापासून सोबी रोज मान्सॉकचा भाताचा वाडगा वाढून चुलीच्या धगीने उबदार झालेल्या जमिनीवर गोधडीखाली ठेवते आणि सकाळी तो आम्ही दोघी खातो. गोड तिने तोंडात घातलेले नाही. या वर्षी नदीच्या धक्क्यावरचा नावाडी पिल्दोंग दोनदा तिला लग्नाचे विचारायला आला. पहिल्यांदा तिने त्याच्या अंगावर भांडी घासलेले पाणी फेकले. दुसऱ्यांदा मी आत पडून होते. तो म्हणाला, "आज पाणी स्वच्छ असेल तर फेका." आणि सोबी हसली. मी तीन वर्षांत तिचे हसणे ऐकले नव्हते. मग ती आत आली आणि संध्याकाळभर माझ्या नजरेला नजर दिली नाही.

हे चोन्सूलाही कळले. काल म्हणाला, "सासूबाई, वाटा घरातच राहू द्या. विधवा दुसऱ्या घरी गेली की पहिल्या नवऱ्याचं सगळं परत येतं, कायदाच आहे. उद्या ही नावाड्याबरोबर गेली म्हणजे?"

"गेली तर होडीतून जाईल. तुला का थंडी वाजते?"

उल्गा म्हणाली, "पण आई, हिने पांढरं एक दिवस नेसलं नाही. कसला दुखवटा पाळला?"

"रंग तू बघितलास," मी म्हटले, "या घरात मी राहते."

म्हणून खालची खोली आणि स्वयंपाकघर मी सोबीला विशेष देणगी म्हणून देते. हा मान्सॉकचा वाटा समजू नये. माझ्यासोबत केलेल्या कामाबद्दल आणि या आजारात माझे सगळे काढल्याबद्दल ते तिच्या स्वतःच्या नावावर आहे. ती कुठे नांदायला गेली तरी कोणी परत मागायचा नाही. मागेल त्याने हा कागद कचेरीत मोठ्याने वाचून घ्यावा.

एवढे झाल्यावर ह्वांगनी लेखणी थांबवली. म्हणाले, "माक्दोकबाई, मुलाच्या नावापुढे हयात लिहू की मयत? कोरं ठेवलं तर कचेरी घेत नाही."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून सोबी म्हणाली, "हयात लिहा, काका."

मी म्हटले, "मयत लिहा. तीन वर्षांपूर्वी, आठव्या महिन्यात. म्हणजे तीन वर्षांचा दुखवटा गेल्याच महिन्यात पुरा झाला."

ह्वांगनी लिहिले. सोबी धावत आली. "आई, खोडायला सांगा."

"खाडाखोड झाली की कागद रद्द होतो."

"होऊ दे रद्द! मला खोली नको. तुम्ही आई आहात ना त्यांच्या? तुमच्या तोंडून कसं निघालं?"

"आई आहे म्हणूनच निघालं. सोबी, तो जिवंत असता तर पाय नसते तरी तुझ्यासाठी सरपटत आला असता. मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे."

ती खाली बसून मोठ्याने रडली. उल्गाही रडली. मी बघत होते.

मी गेल्यावर माझी चोळी घेऊन छपरावर चढून, जीव परत ये म्हणून, मला हाक मारतील. मान्सॉकला कोणी अशी हाक मारलेली नाही. ती उद्या सकाळी शेजारचा ग्वीसान मारेल. त्याचा सदरा मी काढून ठेवला आहे.

ठिकाण: हानयांग, उत्तर वेशीबाहेर. मेंढीचे वर्ष, नववा महिना, पौर्णिमेनंतरचा दिवस.

लिहून देणार: माक्दोक. उजवा पंजा कागदावर ठेवून भोवती रेघ ओढली.

लिहिणार: ह्वांग, निवृत्त कारकून. सही.

साक्षीदार: ग्वीसान, शेजारी. बोटाच्या पेरांची खूण.

साक्षीदार: मोंगचुन, ओढ्यावरचा कागदवाला. बोटाच्या पेरांची खूण.

मुलगी: उल्गा. उजवा पंजा. जावई चोन्सू हजर, तक्रार नाही.

मुलगा: मान्सॉक. मयत.

देणगी घेणार: सोबी. उजवा पंजा. नावापुढे काय लिहू असे ह्वांगनी विचारले. तिने आधी पंजा टेकवला. मग तिनेच सांगितले, "मान्सॉकची विधवा लिहा."