पहिला जबाब

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं. तुमचं पत्र नाही म्हणून रोज तुमचा उद्धार होतो.

मला एक खटला मिळालाय. एका घड्याळजीच्या खुनाच्या आरोपाखाली एक रंगारी अडीच वर्षं तुरुंगात आहे. दुकानासमोरच्या इस्त्रीवालीने त्याचा चेहरा पाहिला म्हणे, पण तिचा जबाब खुनानंतर दोन दिवसांनी घेतलेला. त्याआधी तिला कुणी विचारलंच नसेल? आधीचा जबाब मागितला, तर सरकारी वकील म्हणाले की आम्ही ज्यांच्यावर विसंबतो तेवढेच कागद देऊ. न्यायाधीशबाई म्हणाल्या, असा कागद आहे हे आधी दाखवा, नुसत्या संशयावर पोलिसांची कपाटं उघडता येणार नाहीत. जो पाहिलाच नाही तो कागद आहे हे कसं दाखवू? तुम्ही पोलीस ठाण्यात तीस वर्षं लेखनिक होतात. वाट सुचवा, आणि मायेची नजर असू द्या.

तुमची भांडखोर भाची

११ फेब्रुवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तो जबाब मीच लिहिला, खुनाच्याच दिवशी. बाई म्हणाली होती, माणूस पाठमोरा होता, चेहरा दिसला नाही. साहेबांनी कागद बाजूला ठेवायला सांगितला. निवृत्तीला चार महिने होते. मी ठेवला.

ठाण्याच्या नोंदवहीत त्या तारखेला सतरावा क्रमांक बघ. तोच मागून घे. नाही म्हणाले तर मला साक्षीला उभं कर. साहेब शेजारीच राहतात, त्यांना सकाळी सांगून आलो. त्यांनी दार लावून घेतलं.

आशीर्वाद द्यायच्या लायकीचा उरलो असेन, तर ते आहेतच.

मामा

२० मे

ती. मामांस सा. न.

क्रमांक सांगितल्यावर न्यायाधीशबाईंनी नोंदवही आणि तो जबाब दोन्ही मागवले. तुमचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. जबाब वाचून दाखवला तशी इस्त्रीवाली रडू लागली. म्हणाली, चेहरा पाहिला नव्हता, पोलिसांनी सांगितलं तसं बोलले.

काल रंगारी सुटला. त्याने तुमचा पत्ता मागितला. मी दिला. चुकले का? आई तुमच्यावर फार चिडली आहे, आणि तुम्ही जेवता की नाही हेही तीच विचारते. आमच्यावरचा लोभ आटू देऊ नका.

भाची

२९ मे

चि. भाचीस आशीर्वाद.

चुकली नाहीस. तो काल आला. मी पाणी पुढे केलं, त्याने घेतलं नाही. क्षमा मागायचे शब्द मी चार दिवस जुळवत होतो. ते काढायच्या आत त्याने एकच विचारलं, ही अडीच वर्षं तुम्हाला तो कागद आठवत होता का. मी हो म्हणालो. त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि निघून गेला.

तू तरी माया पातळ करू नकोस.

मामा